अर्धा कोड अत्तय्यांकडे

काकिनाड्यात माझ्या सासऱ्यांना लोक दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक, ते कनकम्मा भागवतारिणींचे यजमान. दोन, फोनवर कोणालाही कोड सांगू नका, हे ते दिसेल त्याला धरून सांगतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तारकेश्वरराव गारूंनी, म्हणजे आमच्या मावय्यांनी, हा एकच वसा घेतलाय. भाजीवाली असो नाहीतर देवळातले पुजारी, मावय्या त्यांना थांबवणार आणि विचारणार, “अहो, समजा कोणी फोन केला, बँकेतून बोलतोय म्हणाला, कोड मागितला. काय कराल?” समोरचा “फोन ठेवून देईन” म्हणेपर्यंत त्याची सुटका नाही. शेजारच्या वीर्राजू गारूंनी एकदा खोडी काढली, “आणि मुलाने मागितला तर?” मावय्या म्हणाले, “मुलाचा आवाज काढणारे ढीगभर फिरतायत, अहो. मुलाला सुद्धा नाही.”

अशा माणसाच्या तोंडून फोनवर कोड काढायचं काम माझ्या नशिबी आलं.

मी करीमनगरची. आमच्याकडे जे काय असेल ते तोंडावर बोलतात आणि संध्याकाळपर्यंत विसरतात. गोदावरीकडच्या लोकांचं तसं नाही. ते दारातल्या कुत्र्यालाही अहो-जाहो करतील. फणींद्रशी मी माझ्या मनाने लग्न केलं, तेव्हा घरात कोणी आवाज चढवला नाही. मावय्यांनी मला “या अम्मा, बसा” म्हटलं आणि आजतागायत ते मला तसंच “या अम्मा, बसा” म्हणतात. मी त्यांना आवडते की नाही, हे मला कधी कळलंच नाही. मला शिव्या चालतात हो, पण हे गोडगोड अंतर फार छळतं.

अत्तय्यांचं मात्र तसं नव्हतं. सासूबाई म्हणजे तोफ. आंध्रात त्यांनी हरिकथा केली नाही असं मोठं देऊळ सापडणं कठीण. हातात चिपळ्या, पायात घुंगरं, गळ्यात झेंडूचा हार, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतलं झोपलेलं पोर उठून बसावं. मंडपात देवाचं लग्न लावता लावता त्या मधेच थांबून पहिल्या रांगेतल्या बायकांना विचारायच्या, “सुनेला जाच नाही ना करत?” आणि मग मला डोळा मारायच्या. रोज संध्याकाळी त्यांचा मला हैदराबादला फोन असायचा, आणि त्यातला निम्मा वेळ मी काय चुकीचं शिजवलं ह्यात जायचा.

मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन नीट झालं, जीव वाचला, पण आवाज गेला. अगदी मुका झाला नाही, पण उरलं ते एक घोगरं, फाटकं काहीतरी, ज्यातून मधेच नुसती हवा निघायची. एकदा घरी फोन आला, त्यांनी उचलला, आणि पलीकडचा म्हणाला, “नमस्कार राव गारू, सर्दी झाली का?” त्या दिवसापासून त्यांनी फोनला हात लावला नाही. माणसांसमोर बोलणंही सोडलं. घरात हाक मारायची तर चिपळ्या वाजवायच्या. एक टोला म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. त्यांचा राग मला चिपळ्यांवरूनच कळायचा, तोही मी काकिनाड्याला गेले तरच.

गेल्या महिन्यात मावय्यांचा फोन आला. खोकले, खुशाली विचारली, हवेवर बोलले. मग म्हणाले, “अम्मा, एक अडचण आहे. तुम्हाला वेळ असेल तरच सांगतो.”

अडचण अशी. अत्तय्यांची प्रत्येक हरिकथा मावय्यांनी पहिल्या रांगेत बसून रेकॉर्ड केलेली. आधी कॅसेटी, पुढे छोटं यंत्र. समुद्राच्या हवेने कॅसेटींना बुरशी धरायला लागली, तेव्हा त्यांनी सगळं कॉम्प्युटरवर चढवलं आणि तिथून इंटरनेटवर, एका कंपनीच्या साठवणीच्या जागेत. आणि मग घरच्या कॉम्प्युटरवरचं पुसून टाकलं. का, तर एकाच वस्तूच्या दोन प्रती म्हणजे हिशेबात घोळ. आता ती कंपनी हे खातंच बंद करणार होती. महिनाअखेरीला तिथे असेल नसेल ते साफ.

“उतरवून घ्यायला बसलो होतो, अम्मा. एक फाइल उतरते आणि लाइन तुटते. शेकड्यांनी आहेत. माझ्याच्याने होत नाही.” थोडं थांबून ते म्हणाले, “सकाळी एक ऐकतो मी. कानात घालून, व्हरांड्यात. त्यांना कळू देत नाही.”

अत्तय्यांचा तो आवाज जगात आता तेवढ्या एका ठिकाणी होता, आणि महिनाअखेर चार दिवसांवर आली होती. फणींद्र जहाजावर, बंदर लागल्याशिवाय त्याचा फोन लागत नाही. माझा पाय घोट्यापासून प्लास्टरमध्ये, त्यामुळे काकिनाड्याची गाडी पकडणं शक्य नव्हतं. पण पोटापाण्यासाठी मी प्रोग्रामच लिहिते. म्हटलं, “मावय्या, हे माझ्यावर सोडा.”

मी माझ्या डेस्कटॉपवर एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती कंपनीच्या दाराशी जाणार आणि लाइन कितीदा तुटली तरी न कंटाळता एकेक फाइल उतरवून घेणार. फक्त खात्याचे मालक मावय्या. त्यांनी हो म्हटल्याशिवाय कंपनी दार उघडत नाही. त्यासाठी स्क्रिप्ट एक लांबलचक लिंक देते. ती मालकाने उघडायची, आपल्या पासवर्डने आत जायचं, परवानगी आहे असं बटन दाबायचं. मग कंपनी एक कोड देते, आणि तो कोड घेऊन स्क्रिप्ट कंपनीकडून टोकन आणते. एकदा टोकन हातात आलं की पुढचं सगळं तीच बघते.

हे ऐकून मावय्यांनी परीक्षकाच्या सुरात विचारलं, “म्हणजे पासवर्ड तुम्हाला सांगायचा?”

“नाही. तो मला कळताच कामा नये. म्हणून तर ही एवढी उठाठेव.”

“उत्तर बरोबर आहे,” मावय्या म्हणाले. मला उगाच पास झाल्यासारखं वाटलं.

मी लिंक पाठवली. त्यांनी ती आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडली, फोन स्पीकरवर ठेवला.

“काय दिसतंय, मावय्या?”

“लाल त्रिकोण दिसतोय. खाली लिहिलंय, हा प्रोग्राम करणारी व्यक्ती आमच्या ओळखीची नाही. ती तुमची माहिती चोरू शकते. ह्या व्यक्तीवर तुमचा विश्वास असेल तरच पुढे जा. आणि पुढे तुमचा ईमेल.”

“हो, ती व्यक्ती म्हणजे मीच. घरगुती प्रोग्राम आहे ना, कंपनीने तपासलेला नाही, म्हणून असं लिहितात.”

“ते मला समजलं, अम्मा. पण ह्यांची तुमची ओळख नाही.”

“तुमची आहे ना!”

“एक मोठं निळं बटन आहे. ‘सुरक्षित जागी परत जा.’”

“ते दाबू नका.”

“दाबलं.”

माझं डोकंच फिरलं. खरं सांगते, त्या क्षणी मला फाइलींचं काही वाटलं नाही. ह्या पोरीवर तुमचा विश्वास आहे का, हा प्रश्न लग्नापासून त्या घरात कोणी उघड विचारला नव्हता. यंत्राने विचारला, आणि मावय्यांनी मोठं निळं बटन दाबलं. “ठीक आहे, मावय्या, बसा मग सुरक्षित जागी,” म्हणून मी फोन आपटला. फोन महागाचा, तो आपल्याच उशीवर आपटला ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेसरट्टू भाजत होते, एका पायावर उभी राहून, तोंड अजून फुगलेलंच. त्यांचा फोन आला.

“अम्मा, मी चौकशी केली.”

“कोणाकडे?”

“घरातच. तुमच्या अत्तय्यांकडे. त्या रागावल्या. चिपळ्या नाही वाजवल्या, बोलल्या.” त्यांचा सूर जरा पडला. “म्हणाल्या, दवाखान्यात माझी वेणी कोण घालत होतं? ते यंत्र आलं होतं का? आणि तुम्ही यंत्राला विचारताय ही पोरगी कोण म्हणून?”

मी धिरडं उलटायचं विसरले. ते करपलं ते करपलंच.

“आता दाबतो,” मावय्या म्हणाले. “कोपऱ्यात बारीक अक्षरांत पुढे जायची वाट आहे. ‘धोका समजून पुढे जा.’ अम्मा, सबंध नोकरीत असं लिहिलेल्या कागदावर मी सही केलेली नाही.”

“मग?”

“मग काय. दाबलं.”

पुढचं पान त्यांनी मोठ्याने, शब्द न् शब्द वाचलं. ह्या प्रोग्रामला तुमच्या फाइली बघता येतील, उतरवता येतील. “बदलता येतील, पुसता येतील, असं कुठे दिसत नाही.”

“मी मागितलंच नाही. आपल्याला पुसायचंय थोडंच?”

“गरजेपुरतंच मागितलंत,” ते सावकाश म्हणाले. मावय्यांच्या तोंडून ह्याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही. मग बटन दाबल्याचा आवाज आला, आणि लगेच खुर्ची सरकल्याचा.

“फसलो! पान उघडत नाही! ‘हे ठिकाण सापडत नाही’ म्हणतंय!”

“थांबा, मावय्या, काही बंद करू…”

फोन तुटला. परत लागेपर्यंत मावय्यांनी कॉम्प्युटरची पिन भिंतीतून उपटली होती, पासवर्ड बदलायला वीर्राजू गारूंचा नातू आणून बसवला होता, आणि बँकेला कळवून स्वतःचं कार्ड बंद केलं होतं. कार्डाचा ह्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. “सवय आहे,” ते म्हणाले.

चूक माझीच. मी सगळं माझ्याच मशीनवर तपासलं होतं, आणि माझ्या मशीनवर ते सुरेख चाललं होतं. आमच्या धंद्यात निम्म्या भानगडी ह्या एका वाक्यात असतात. बटन दाबल्यावर कंपनी कोड देते आणि ब्राउझरला सांगते, हा घे, तुझ्याच घरात बसलेल्या स्क्रिप्टला नेऊन दे. पण स्क्रिप्ट बसली होती हैदराबादला. काकिनाड्याच्या कॉम्प्युटरने स्वतःच्याच घरात हाक मारली, कोणी ओ दिली नाही, म्हणून पान उघडलं नाही. कोड मात्र आलेला होता. वर पत्त्याच्या पट्टीत, त्या न उघडलेल्या पानाच्या नावातच लिहिलेला.

“म्हणजे पान न उघडणं म्हणजे काम झालं?” मावय्यांनी विचारलं.

“हो.”

“आमच्या वेळी काम झालं की शिक्का मारायचे.” ते विचारात पडले. मग एकदम म्हणाले, “समजलं. कोड म्हणजे चेक. काउंटरवर चेक द्यायचा, आतून पितळेचं टोकन मिळायचं. रोखपालाला टोकन दाखवलं की पैसे. चेक एकदाच चालतो, शिळा झाला की परत.”

“अगदी बरोबर! कोडही एकदाच चालतो, आणि थोड्याच मिनिटांत शिळा होतो.”

“आणि तो चेक मी तुम्हाला द्यायचा.”

“हो.”

“फोनवरून.”

लिहून पाठवा म्हणायची सोय नव्हती. लिहिलेलं राहतं आणि फिरतं, हेही ते लोकांना सांगायचे. त्यांच्या कॉम्प्युटरचा पडदा मी इथून बघू का म्हणायचं तर त्याहून वाईट, ते तर चोरांचं मुख्य हत्यार. मला त्यांची कीव आली. आख्ख्या काकिनाड्याला जे करू नका म्हणून सांगितलं, तेच आता त्यांना करायचं होतं, तेही सुनेसाठी.

“अम्मा, मी करीन,” शेवटी ते म्हणाले. “पण पद्धतीने. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात. एक मॅनेजरकडे, एक हेड कॅशियरकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही, आणि एकाने दुसऱ्याची किल्ली हातात घ्यायची नाही. कोडचा पहिला अर्धा मी सांगीन. दुसरा अर्धा मी बघणारसुद्धा नाही. तो दुसरी किल्लीवाला सांगेल.”

“दुसरी किल्ली कोणाकडे?”

“तुमच्या अत्तय्यांकडे.”

मला वाटलं ह्यांना चढलीय की काय. अत्तय्या आणि फोनवर? दोन वर्षांत त्यांनी पोटच्या पोरालाही फोनवर साधं “हॅलो” केलं नव्हतं.

“मावय्या, त्या बोलणार नाहीत.”

“बघू,” ते म्हणाले.

नवी लिंक, परत लाल त्रिकोण, परत बारीक अक्षरं. ह्या वेळी मावय्या सराईतासारखे पुढे गेले. पान उघडलं नाही तेव्हा आनंदाने म्हणाले, “उघडलं नाही! छान!” मी सांगितलं, वर पट्टीत ‘कोड’ शब्दापुढे बरोबरचं चिन्ह आहे, तिथून सुरू करा आणि जिलबीसारखं चिन्ह येईल तिथे थांबा. मग टेप फाडल्याचा आवाज आला. त्यांनी कॅलेंडरचं एक जुनं पान पडद्यावर चिकटवून पट्टीचा अर्धा भाग झाकला.

आणि ते वाचायला लागले, एकेका इंग्रजी अक्षराला एकेका गावाचं नाव, मोठं अक्षर थोरलं, छोटं ते धाकटं. “आकडा चार. मग तिरपी रेघ. शून्य. थोरलं अमलापुरम. धाकटं भीमवरम. धाकटं तुनि. थोरलं काकिनाडा, म्हणजे आपलंच. आकडा सात. धाकटं पिठापुरम, नाही थांबा, चष्मा… हो, पिठापुरमच.”

सगळा गोदावरी जिल्हा फिरून झाला. मी टाइप करत होते आणि घड्याळाकडे बघत होते. थोरलं राजोल, धाकटं समर्लकोट. मग थांबले. “माझा अर्धा संपला. आता मी उठतो.”

फोन कोणाच्या तरी पुढे धरल्यासारखी कपड्याची सळसळ. आणि चिपळ्यांचे दोन टोले. नाही.

“कनकम,” मावय्यांचा आवाज.

दोन टोले, ह्या वेळी जोरात.

“मावय्या, कोड शिळा होतोय! तुम्हीच वाचा ना दुसरा अर्धा!”

“नाही.”

“अहो, परवा सगळं पुसलं जाईल! कोणाला कळणार आहे तुम्ही वाचलं म्हणून?”

“मला कळेल,” मावय्या म्हणाले. मी आता रडकुंडीला आले होते. हा काय हट्ट! बायकोचा आवाज बुडाला तरी चालेल, पण बँकेचा नियम मोडता कामा नये? मी तसं बोलणारही होते. तेवढ्यात त्यांनी फोन बाजूला ठेवला असावा, कारण पुढचं मला लांबून ऐकू आलं. ते माझ्याशी बोलत नव्हते.

“खातं माझ्या नावावर आहे, कनकम. आत जे आहे ते माझं नाही. मी नुसता पहिल्या रांगेत बसलो. तुमची वस्तू माझ्या एकट्याच्या सहीने मी कोणाच्या हवाली करणार नाही, घरच्या पोरीच्या सुद्धा नाही. नको असेल तर तसं सांगा. जाऊ दे सगळं. मी पुन्हा हा विषय काढणार नाही.”

कोड शिळा झाला. मी स्क्रिप्टची खिडकी बंद केली आणि हातावर हनुवटी टेकून बसले. खरंच, इतक्या दिवसांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. मावय्यांना विचारलं, यंत्राला उत्तरं दिली, पण ज्यांचा आवाज त्यांना कोणी विचारलंच नाही. त्यांना तो नको असेल तर? गेलेली गोष्ट रोज कोणी कानात घालून ऐकावी, असं त्यांना वाटत नसेल तर?

किती वेळ गेला कोण जाणे. मग चिपळ्यांचा एक टोला आला. एकच.

“अम्मा,” मावय्या फोनवर आले, त्यांचा आवाज ओला होता, “नवी लिंक द्या.”

ह्या खेपेला मावय्यांनी आपला अर्धा झपाट्याने म्हटला. मग खुर्ची सरकली, बांगड्या वाजल्या. श्वास ऐकू आला, जवळून.

“टी,” अत्तय्या म्हणाल्या.

तो आवाज मला ओळखता आला नाही. घोगरा, मधूनच फुटणारा. पण दुसऱ्याच क्षणी टेबलावर बोटं वाजायला लागली, आणि अक्षरं चार-चारच्या घरात येऊन बसायला लागली. चार अक्षरं, एक थाप. चार अक्षरं, एक थाप. थोरलं असेल तर बोट जोरात, धाकटं असेल तर हलकं. त्यांनी एकदा सांगितलं आणि मला समजलं. मावय्यांनी जिल्हाभर फिरवलं ते अत्तय्यांनी दोन आवर्तनांत आणलं. आवाज गेला होता, ताल कुठेच गेला नव्हता. जिलबीसारखं चिन्ह आलं तेव्हा त्या नेमक्या समेवर थांबल्या.

मी एंटर दाबलं. काळ्या खिडकीत एक ओळ आली: टोकन मिळालं. आणि तिच्याखाली फाइलींची नावं पडायला लागली. पेद्दापुरम. द्राक्षारामम. मंडपेटा. एकाखाली एक.

“आलं! मावय्या, आलं!” मी ओरडले.

“टोकन आलं? नंबर काय?”

“लांबलचक आहे. आणि तो कोणालाही सांगायचा नसतो.”

“शाब्बास!” मावय्या खरोखर ओरडले. “कोणालाही सांगू नका! मला सुद्धा नाही!”

पहिली फाइल पूर्ण उतरली. मी फोन स्पीकरजवळ धरला आणि ती लावली. आधी तरुण मावय्या, एकदम सरकारी आवाजात: गावाचं नाव, तारीख, कथेचं नाव. मग हार्मोनियम, घुंगरं, आणि मग तो आवाज. माझी खोली भरून गेली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी उघडल्याचं ऐकू आलं.

“बंद कर ते,” अत्तय्या म्हणाल्या.

मी घाबरून बंद केलं. आपण चुकलो, असंच वाटलं.

“हार्मोनियमवाला तेव्हाही बेसूरच होता,” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. दम घेतला. “ते तू नंतर ऐक. त्याला घाई नाही आता. आधी माझं ऐक. संक्रांतीला मी तुला जे आवकाय लोणचं दिलं, त्याचा फोटो पाठवलास. तेल कुठेय त्यात? तेल वर यायला पाहिजे, पोरी, बोटभर. बुरशी येईल. तेव्हापासून माझ्या पोटात हे राहिलंय.”

“अत्तय्या…”

“मधे बोलू नको, मला परत सुरू करायला त्रास होतो. फणीचे केस फार वाढलेत, जहाजावर न्हावी नाही का? आणि पाय मोडला हे मला कोणी सांगितलं नाही. मला ह्यांच्याकडून कळलं. मला! प्लास्टर असताना पायाखाली उशी घेतेस की नाही? नसशीलच घेत. तुझ्या आईकडे तरी बोललीस का? आणि हे काय, रडतेस?”

मी रडत होतेच. दोन दिवस मी एका आवाजामागे धावत होते, आणि तो माझ्या समोर फाइलीमागून फाइल गोळा होत होता, आणि मी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. मला दोन वर्षं जो हवा होता तो हा होता, हा फाटका, रागावणारा, तेल कुठेय म्हणून विचारणारा. दुसरी किल्ली कोणाकडे आहे हे मावय्यांना पहिल्यापासून माहीत असणार. कदाचित त्यांनी ती सगळी पद्धतही त्यासाठीच काढली असेल. मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांनी नियम सांगितला असता.

“अहो,” मागून मावय्यांचा आवाज आला, “बराच वेळ झाला. फोन तापला असेल.”

“तापू दे,” अत्तय्या म्हणाल्या, आणि पुढे बोलायला लागल्या.